रिकामा काटा

८ फेब्रुवारी
वजन : अठ्ठावन्न किलो (परवाचं, घरच्या काट्यावर)

ती. ताईस,

वाकलो, दांडीच्या टोकाचा स्क्रू पाव फेरा फिरवला आणि हात काढला. दांडी अजून वरच. आणखी थोडा फिरवला. ती दोनदा डोलली आणि मधोमध येऊन थांबली. मागे वळून पाहिलं. सिस्टर मशीनच्या नळ्या लावत होती, पाठ माझ्याकडे. पेचकस खिशात टाकला, काट्यावर चढलो, वजन सांगितलं आणि माझ्या खुर्चीवर येऊन बसलो. आता मशीन चालू आहे. डाव्या हातात दोन सुया आहेत, उजव्या हाताने तुला लिहितोय.

सुरुवात चुकली. सा. न. वि. वि. तुझी तब्येत कशी आहे? भावजींचा गुडघा? आम्ही ठीक आहोत.

'ठीक' खोडायला हवं. या शब्दासाठीच तू मला पत्रं लिहायला लावलीस. फोनवर तू 'मजेत' म्हणतोस ते मला ऐकवत नाही, म्हणालीस. कागदावर तुला खोटं लिहिता येत नाही, शाळेपासून येत नाही. आणि तारखेखाली वजन लिहायचं, हा वर हुकूम. पाळतोय. दर वेळी मशीनवरून घरी आलो की चप्पल काढून बाबांच्या काट्यावर उभा राहतो. ही म्हणते, बहिणीला घाबरणारा एवढा मोठा माणूस मी पाहिला नाही.

तू विचारलंस, नेमकं झालंय काय. डॉक्टरांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगतो. रक्तदाब बरीच वर्षं चढलेला होता. तो दुखत नाही, म्हणून मी कधी तपासला नाही. त्याने दोन्ही मूत्रपिंडं निकामी केली. आता जे पितो ते अंगातच राहतं, जे खातो त्यातला कचरा रक्तात राहतो. आठवड्यातून तीनदा मशीन रक्त बाहेर काढून धुतं आणि परत आत सोडतं. बरं होण्यातलं हे नाही. सांभाळण्यातलं आहे, असं डॉक्टर म्हणाले. तुझ्या साखरेमुळे तुझी किडनी चालणार नाही हे ठरलं आहे. तो विषय पुन्हा काढू नकोस.

सांभाळायचं म्हणजे काय ते आता ही माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. बटाटा चिरून पाण्यात ठेवायचा, ते पाणी फेकायचं, मग उकडायचा, तेही पाणी फेकायचं. उरतं त्याला बटाटा म्हणायचं. केळं नाही, संत्रं नाही, लोणचं नाही. मीठ नावापुरतं. जेवताना पहिल्या घासाबरोबर गोळी, ती विसरली तर रात्रभर अंगाला खाज. दिवसभराचं पाणी एका छोट्या बाटलीत, चहा आणि औषधाचे घोट त्यातूनच. तहान फार झाली तर बर्फाचा खडा तोंडात धरायचा. तहानेबद्दल अजून लिहिणार नाही.

वॉर्डात आठ खुर्च्या आहेत. माझी मिळायला किती थांबावं लागलं ते तुला माहीत आहे. इथली खुर्ची रिकामी होते ती दोनच कारणांनी, आणि मी आल्यापासून कोणाला नवी किडनी मिळालेली नाही. माझ्या खुर्चीवर आधी कोण बसत होतं, मी विचारलं नाही. बाहेर नावं लावलेली यादी आहे. नवे लोक दारातून डोकावून आमच्याकडे बघतात. मीही तसाच बघत असे.

शेजारच्या खुर्चीवर एक पोस्टमन आहेत, निवृत्त. हृदय त्यांचं आधीच कमजोर आहे, पण जीभ नाही. बाबांचं काटेदुरुस्तीचं दुकान होतं हे कळल्यापासून मला काटेवाले म्हणतात.

"काटेवाले, काल किती प्यालात?"

"एक बाटली."

"मी पण एकच. पण पहाटे स्वप्नात अख्खी विहीर प्यायलो. ती धरतात का हो?"

सिस्टर म्हणाली, "काट्यावर चढा, कळेल."

आत्ताही ते मान वळवून या कागदाकडे बघताहेत. कोणाला, विचारलं. बहिणीला, म्हटलं. तर म्हणतात, पत्त्यात गल्लीचं नाव आधी लिहा, मग घराचा नंबर. लोक उलटं लिहितात आणि आमचे पाय तुटतात. एवढी वर्षं मी उलटंच लिहीत होतो. तरी पत्रं तुला पोचली.

हं, काटा. तुला हे सांगायचंच होतं, दुसऱ्या कोणाला यातली गंमत कळणार नाही. इथे सगळं वजनावर चालतं. प्रत्येकाचं एक ड्राय वेट ठरलेलं असतं, म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं वजन. ते बोर्डावर लिहिलेलं आहे. आलो की काट्यावर चढायचं. त्या आकड्याच्या वर जेवढं भरेल तेवढं पाणी मशीन काढतं. जास्त काढलं तर पोटऱ्यांत गोळे येतात, कमी काढलं तर ते छातीत चढतं.

बोर्डावर माझं साडेएकोणसाठ. मशीनवरून उतरताना वॉर्डातल्या काट्यावर बरोबर साडेएकोणसाठ. आणि घरी, बाबांच्या काट्यावर, अठ्ठावन्न. प्रत्येक वेळी. दीड किलो वाटेत कुठे सांडतं? पहिल्या दिवसापासून मला ते खुपत होतं. काटा जुना आहे, उभा, सरकत्या वजनाचा, बाबा ज्याला 'म्हातारा' म्हणायचे तसला. आज लवकर आलो होतो. वजन शून्यावर सरकवून पाहिलं तर दांडी वर. शून्यातच चूक! काट्यावर माणूस असताना सगळे बघतात, रिकाम्या काट्याकडे कोणी बघत नाही. बघणारे आपणच.

आता तो बरोबर आहे. सिस्टरने सगळ्यांची वजनं घेतली आणि खूश झाली. "आज सगळ्यांनी पाणी जपलंय. असेच शहाण्यासारखे वागा." पोस्टमन म्हणाले, "विहीर धरली नाही वाटतं." मशीनला आज काम कमी आहे. माझ्या पोटऱ्यांत एरवी या वेळेपर्यंत गोळे यायला लागतात. आज नाहीत. पाय सोडून बसलोय आणि बाबांची आठवण येतेय.

जाता जाता हे पेटीत टाकतो. भावजींना नमस्कार.

तुझा
धाकटा


२४ फेब्रुवारी
वजन : साडेएकोणसाठ किलो (घरच्या काट्यावर. वॉर्डातही तेवढंच.)

ती. ताईस, सा. न.

वरचा आकडा पाहिलास? बोर्ड, वॉर्डातला काटा आणि बाबांचा काटा, तिघं एका तोंडाने बोलताहेत. दोन वेगळ्या ठिकाणचे काटे जुळले की बाबा पंख्याखाली बसून विडी पेटवायचे. मला विडी नाही, पण तसा बसलो होतो.

ही खूश आहे. अंग भरतंय म्हणते, तोंडावर तेज आलं म्हणते. मलाही वाटलं, दीड किलो वाढलं म्हणजे मांस असणार, कारण पाणी असतं तर मशीनने काढलं असतं. बटाट्याचं पाणी फेकून फेकून तिचे हात पांढरे पडलेत, तिला एवढं तरी यश मिळू दे.

बाकी तब्येत तशीच. मागच्या आठवड्यापासून उशाला दोन उशा लागतात. आडवा झालो की दम लागतो. मोजे काढले की घोट्यावर वळ राहतो, बोट दाबलं की खड्डा पडतो आणि तसाच राहतो. मोठे डॉक्टर सुट्टीवर आहेत. त्यांच्या जागी येणारे तरुण डॉक्टर रक्तदाब बघतात, एक गोळी वाढवतात आणि जातात. या आजारात असे आठवडे येतात, हे मला आता कळलंय. काळजी करू नकोस.

वॉर्डात मात्र वातावरण बरं नाही. मी एकटाच नाही. दारापाशी बसणारी शिंपीणबाई खुर्ची मागे टाकू देत नाही, उभी ठेवा म्हणते. एका तरुण मुलाला घरी रात्री ऑक्सिजन लावावा लागला. सिस्टर चिडली आहे. परवा सगळ्यांसमोर बोलली.

"वजनं बरोबर येतात. उतरताना प्रत्येकजण आपल्या आकड्यावर असतो. तरी पाय सुजतात, छातीत पाणी होतं. म्हणजे इथून घरी जाऊन काय करता तुम्ही लोक? मी काढायचं आणि तुम्ही भरायचं?"

आम्ही सगळे शाळेत मार खाल्लेल्या मुलांसारखे बोर्डाकडे बघत बसलो. खरं तर प्रत्येकाने कधी ना कधी चोरून प्यायलेलं असतं. एक घोट, दोन घोट, आंघोळ करताना नळाखाली तोंड. त्यामुळे आरोप झाला की आपण निर्दोष आहोत असं आम्हाला वाटतच नाही.

सगळ्यात वाईट पोस्टमनचं. पायांत चप्पल जात नाही, पट्टा कापून घालतात. आयुष्यभर ज्या पायांनी गावभर फिरले ते आता त्यांना दुसऱ्याचे वाटतात, म्हणाले. जोक कमी झालेत. त्यांची बायको त्यांना पोचवायला येते. ठेंगणी बाई, सरळ बोलणारी. सिस्टरने तिला बाजूला घेऊन सांगितलं असावं, कारण तिने घरातलं सगळं पाणी कपाटात ठेवून कुलूप लावलंय. किल्ली कमरेला. नळाचं पाणी वरून बंद करते. पोस्टमन मला सांगत होते आणि ती तिथेच उभी होती.

"काटेवाले, तुम्ही सांगा हो हिला. मी पीत नाही. आईशप्पथ पीत नाही. स्वप्नातसुद्धा आता पीत नाही."

ती म्हणाली, "मग हे पाय काय हवेने फुगले?"

"मला काय माहीत? मी पोस्टमन आहे, डॉक्टर आहे का?"

"चाळीस वर्षं मला सांगितलंत विडी सोडली. खिशात काय सापडायचं?"

ते हसले नाहीत. मग ती माझ्याकडे वळली. "भावजी, तुम्ही वजनाकाट्यातले. तुम्ही सांगा. काटा चुकतो का कधी?"

मी म्हटलं, "नाही वहिनी, हा काटा बरोबर आहे. मी स्वतः पाहिलाय."

"ऐकलंत?" ती त्यांना म्हणाली.

पोस्टमन माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. पत्ता चुकलेल्या पाकिटाकडे बघावं तसे. नंतर उतरताना मला हात दिला नाही. एरवी देतात.

मला वाटतं ते पीत असावेत. माणूस तहानेपुढे काय करेल सांगता येत नाही. मी त्यांना दोष देत नाही.

हे पत्र इथेच थांबवतो, लिहिताना धाप लागते. तू लिहीत नाहीस बरेच दिवस. रागावलीस का?

तुझा
धाकटा


रविवार, ५ मार्च
वजन : साठच्या वर (घरच्या काट्यावर). कारण खाली.

ताई,

तुझं कार्ड काल मिळालं. तारीख नाही, नमस्कार नाही, एक ओळ. 'दोरा बांधलास का?'

मी आधी हसलो. हिला दाखवलं. म्हटलं, ताई अजून दुकानातच आहे. कसला दोरा, कोणाचा दोरा, तो काही गिऱ्हाईकाचा काटा नव्हता. हिने विचारलं, दोरा म्हणजे काय? तिला मी कधी सांगितलंच नव्हतं. सांगायला बसलो.

सांगितलं की बाबा काटा दुरुस्त करून झाला की तो लगेच वापरायला देत नसत. दांडीला लाल दोरा बांधायचे. आठवी-नववीत असल्यापासून तो दोरा तू बांधायचीस, बाबांच्या गाठी सैल पडायच्या. दोरा असला की काट्यावर काही ठेवायचं नाही. मालकाला बोलवायचं, रिकामा काटा दाखवायचा, आधी किती चुकत होता ते सांगायचं, आणि दोरा त्याने स्वतःच्या हाताने कापायचा. एकदा तो भुसारवाला घाईत होता, दोरा-बिरा राहू द्या म्हणाला, तर बाबांनी त्याला स्टुलावर बसवलं. म्हणाले, शेठ, तुमचा काटा मी सुधारला, तुमची सवय कोण सुधारणार? तुमच्या पोत्यांवरचे आकडे, तुमचे भाव, सगळं जुन्या चुकीवर बसलंय. ती चूक तुम्हाला न सांगता काढली तर तुमचं नुकसान मी केलं.

हे मी हिला जसंच्या तसं सांगितलं, बाबांच्या आवाजात. ते संपायच्या आधीच डोळ्यांसमोर वॉर्डातला बोर्ड आला.

बोर्डावरचे आकडे, ताई. आठही आकडे जुन्या काट्यावर ठरलेले. माझं खरं कोरडं वजन अठ्ठावन्न. चुकीच्या काट्याने ते साडेएकोणसाठ दाखवलं, म्हणून बोर्डावर साडेएकोणसाठ. दोन्ही चुका एकमेकींना धरून उभ्या होत्या आणि त्यामुळे आम्ही जगत होतो. मी एक काढली. त्या दिवसापासून मशीन मला साडेएकोणसाठवर सोडतं, आणि आता ते खरंच साडेएकोणसाठ आहे. दीड किलो पाणी प्रत्येकाच्या अंगात राहतं. कधीच निघत नाही. त्यावर दोन दिवसांचं आणखी चढतं.

अंग भरतंय, असं मी तुला लिहिलं. वर आकडाही लिहिला, तुझ्याच हुकमाने. तू तो वाचून चूक कुठे आहे ते ओळखलंस. मी त्या काट्यावर दर खेपेला उभा राहिलो आणि मला दिसलं नाही, कारण दांडी सरळ होती. आपल्यात दांडी सरळ असली की पुढचा विचार कोणी करत नाही. दुसरा कोणी पेशंट असता तर त्याला काटा चुकतोय हे कळलंच नसतं, आणि सगळे बरे राहिले असते.

पोस्टमनना शुक्रवारी मशीनवरून उतरवलं आणि काल सकाळी त्यांना इस्पितळात वरच्या मजल्यावर भरती केलं. छातीत पाणी. हे मला कार्ड यायच्या आधी कळलं होतं. कार्डाचा अर्थ कळल्यावर आज जेवून तिथे गेलो. सांगायला गेलो होतो.

रविवारी आमचा वॉर्ड बंद असतो, दाराला कडी. काचेतून आत पाहिलं. आठ खुर्च्या, भिंतीवर बोर्ड, कोपऱ्यात काटा. दाराशेजारी पाटी आहे, ती मी रोज बघतो आणि वाचत नाही. आज वाचली. यंत्रांना हात लावू नये. लावल्यास उपचार बंद करण्यात येतील. बाजूला यादी. यादी पुढच्या पानावर गेली आहे.

वर गेलो. पोस्टमनच्या तोंडावर मास्क होता, पाठीला उशा लावून बसवलेलं. डोळे उघडे. प्रत्येक श्वासाला खांदे वर. बायको स्टुलावर बसली होती. तिने मला बघून उठून जागा दिली, मी बसलो नाही.

"डॉक्टर काय म्हणतात?" मी विचारलं.

"पाणी म्हणतात. दुसरं काय म्हणणार? मी विचारलं यांना, आता तरी खरं सांगा, कुठून पीत होता. मान हलवतात नुसती." मग हळू आवाजात म्हणाली, "भावजी, मी वाईट वागले का? कालपासून ओठ ओले करायला मागत होते, मी नाही दिलं. तुम्हीच सांगितलंत काटा बरोबर आहे म्हणून."

पोस्टमननी हात उचलला. मला वाटलं, माझ्याकडे बोट करताहेत. ते मास्क सरळ करत होते.

मी म्हटलं, काळजी घ्या. आणि खाली आलो. सांगायला गेलो होतो, विचारपूस करून आलो.

वरचे डॉक्टर त्यांचं पाणी काढताहेत, माझ्या सांगण्यावाचून त्यांचं काही अडलेलं नाही, असं मी जिना उतरताना स्वतःला सांगितलं. ते खरं आहे. पण उद्या सोमवार आहे. दोन दिवसांच्या सुट्टीनंतरची पहिली पाळी. शिंपीणबाई येईल, तो मुलगा येईल. सगळे काट्यावर चढतील आणि सिस्टर बोर्डाकडे बघेल. कोणाला तरी पोस्टमनसारखं होईल, किंवा उद्या नाही तर परवा होईल. सांगितलं नाही तर मला कोणी विचारणार नाही. काटा बरोबर आहे, कोणीही तपासावा.

सांगितलं तर खुर्ची जाईल. मशीन नसेल तर मी किती दिवस, हे डॉक्टरांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, ते तुला कधी सांगितलं नाही. फार नाहीत. दुसरीकडे जागा नाही. हिला हे मी अजून बोललो नाही, पण तिला कळलंय. दुपारपासून ती बटाटे चिरतेय. एवढे बटाटे कोण खाणार?

मला वाटायचं, माणूस खोटं बोलतो ते तहानेसाठी. पोस्टमनबद्दल मी तसंच ठरवून टाकलं होतं. पण तहान पाण्याचीच असते असं नाही. मी खुर्चीसाठी गप्प बसलो. त्यांच्यासमोर, तिच्यासमोर, अर्धा हात अंतरावर.

दुकानाची पेटी काढली. तळाशी दोऱ्याचं रीळ आहे, तू ठेवलेलं, रंग गेलाय पण लाल आहे हे कळतं. ते खिशात ठेवलंय, पेचकसाबरोबर. सकाळी लवकर जाणार आहे. जाईन असं लिहितोय, कारण कागदावर मला खोटं लिहिता येत नाही असं तू म्हणतेस. बघू.

हे पाकीट आज टाकत नाही. उद्या खाली काय झालं ते लिहीन, मगच टाकीन. पत्ता लिहून ठेवलाय. गल्लीचं नाव आधी.

—

सोमवार, सकाळ.

पहिल्या पाळीच्या आधी पोचलो. सिस्टर बोर्ड पुसून तारीख लिहीत होती. तिला सांगितलं. ती ओरडली नाही. विचारलं, "कधी?" मी तारीख सांगितली. "किती?" दीड किलो म्हटलं. तिने बोर्डाकडे पाहिलं आणि खुर्चीवर बसली, शिंपीणबाईच्या. मग उठून डॉक्टरांना फोन केला.

मी काट्याच्या दांडीला दोरा बांधला. तिने विचारलं हे काय. सांगितलं. तिने रिकामा काटा स्वतः पाहिला, वाकून, डोळा दांडीच्या रेषेत आणून, आपण बघतो तसा. मग ड्रेसिंगच्या कात्रीने दोरा कापला आणि बोर्डावरचे आकडे एकेक करून बदलले. सात आकडे बदलले. आठवा पुसला.

पोस्टमन पहाटे गेले.

त्यांची बायको खुर्चीवरची चादर न्यायला आली होती. मी तिला दाराबाहेर घेऊन गेलो आणि सगळं सांगितलं. स्क्रू, बोर्ड, दीड किलो. तिला पहिल्यांदा कळलं नाही, म्हणून परत सांगितलं.

ती म्हणाली, "म्हणजे ते पीत नव्हते."

"नव्हते."

तिने कमरेची किल्ली काढली. ती हातात धरून यादीच्या भिंतीपाशी उभी राहिली. मी तिथेच थांबलो. ती मला काहीही बोलली असती तरी मी ऐकलं असतं. ती चादर घेऊन गेली.

माझं काय करायचं ते मोठे डॉक्टर आल्यावर ठरेल, असं सिस्टर म्हणाली. आज बसवलंय. दीड किलो एका दिवसात निघत नाही, थोडं थोडं काढतील. पोटऱ्यांत गोळे आलेत. शेजारच्या खुर्चीवर एक नवा माणूस आहे. तो विचारतोय, वजन कशाला करतात.

तुझा
धाकटा